माझ्या खामगावचे हत्ती

पुण्यात कोणी ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं विचारलं की मी ‘खामगावची’ म्हणते आणि क्षणभर थांबते. त्या क्षणात समोरच्यानं भुवया उंचावाव्यात, अशी माझी माफक अपेक्षा असते. तो ‘खानगाव?’ असं विचारतो.

मग जिल्हा सांगावा लागतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याची गंमत अशी, की त्यातलं सगळं प्रसिद्ध आहे, जिल्हा सोडून. शेगाव घरोघरी ठाऊक, पण ते लोक अकोल्यात टाकतात. लोणार ठाऊक, पण ते वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत जेवणानंतर येतं. जिजाऊंचं सिंदखेडराजा तर पुणेकर बोलता बोलता पुण्याच्याच खात्यावर जमा करतात. एवढं झाल्यावर ‘म्हणजे नागपूरजवळच ना?’ असा प्रश्न येतो. जवळच! खामगावहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या घरात आहे.

खरं तर मी खामगावचीही नाही. गावाहून एष्टीनं खामगावला जावं लागे. पण घाटाखालच्या आमच्या खेड्यातून पाहिलं, की मुंबई सिनेमात होती, नागपूर बातम्यांत होतं आणि दिसणारं, हाताला लागणारं शहर म्हणजे खामगाव. तिथे चांदीची दुकानं, तिथे कापसाचं मार्केट, तिथे कॉलेज. आणि तिथली मोठी देवी! सगळा महाराष्ट्र दसरा उरकून मांडव सोडतो, तेव्हा कोजागरीला खामगावात जगदंबेचा उत्सव सुरू होतो. घाई करणारं शहर नव्हेच ते. अशा शहराची बखर सांगायला कोणीतरी हवं होतं, आणि ही नेमणूक मी माझी मीच करून घेतली.

माझी हुकमी गोष्ट आगगाडीची. सासरच्या कुठल्याही समारंभात पंगत वाढेपर्यंत वेळ असला, की मी जलंब-खामगाव फाटा काढते. लांबी तेरा किलोमीटर. हसू नका. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. मोठी लाइन गेली जलंबवरून. वऱ्हाडातली नामांकित कापूसपेठ राहिली बाजूला. तेव्हा तिच्यासाठी खास वेगळा फाटा टाकला. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि 1870 मध्ये आमची गाडी. माझ्या मते या क्रमात योगायोग नाही. खामगावचा कापूस निघायच्या आत जगानं वाट मोकळी करून ठेवली. उद्घाटनाला कोण? आमदार नाही, कलेक्टर नाही, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो! पुढे 1872 मध्ये अंदमानात त्याचा खून झाला. त्यात खामगावकरांचा हात नव्हता, हेही मी न विचारता सांगते. आणि जिल्ह्याचं ठाणं असलेल्या, घाटावर थंड हवा खात बसलेल्या बुलढाण्याला अजून रेल्वे स्टेशन नाही, हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. हे घाटावर-घाटाखालचं आमचं घरगुती आहे. तुम्ही लक्ष देऊ नका.

एवढ्या गोष्टीत एकच उणीव होती. व्हाइसरॉय नुसता डब्यातून उतरतो, हे काही शोभत नव्हतं. म्हणून मी स्टेशनवर दोन हत्ती उभे केले. झुली घालून.

गावाकडे थोरल्या काकांसमोर, म्हणजे आमच्या मोठेबाबांसमोर, हीच गोष्ट झाली, तेव्हा ते अडकित्ता थांबवून म्हणाले, “काऊन व बाई, हत्तीले चारा कोनं देल्ला?” मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, “गाडी मानसासाठी नोती आनली. कपाशीसाठी आनली.”

कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, त्या एकाधिकार खरेदीच्या वर्षांत त्यांनी खामगावात कापूस नेलेला. बैलगाड्यांची रांग, रात्री गाडीखाली झोप. दुसऱ्या दिवशी, नाही तर तिसऱ्या, ग्रेडर येणार, कापसात हात घालणार आणि एका शब्दात वर्षाची प्रत सांगणार. भाव मुंबईत ठरलेला. चुकारे कधी मिळतील ते देवाला ठाऊक. व्हाइसरॉयच्या वेळी भाव लिव्हरपूलला ठरत होता. शंभर वर्षांत भाव ठरवायची जागा समुद्र ओलांडून अलीकडे आली, एवढंच. आमच्या बांधापर्यंत ती आजही आलेली नाही. मला चीड येते ती इथे. कापूस हवा होता तेव्हा तेरा किलोमीटरसाठी वेगळे रूळ पडले. पुढे जालन्यापर्यंत माणसांना जाता यावं म्हणून रूळ मागितले, त्याला जमाना लोटला; इंग्रजही गेले, रूळ काही आले नाहीत. सर्वेक्षण मात्र होतं. मोठेबाबा म्हणतात, एवढं मोजून मोजून जमीन झिजली असंल.

हे पुण्यात सांगितलं की लोक गंभीर चेहरे करतात, ‘शेतकऱ्यांचं फार वाईट’ म्हणतात आणि ताटातली कोशिंबीर पुढे सरकवतात. मग मी पुन्हा हत्तींकडे वळते. हत्तींची कोणी कीव करत नाही.

सासूबाईंच्या मनात ते हत्ती फारच भरले. शेगावचं दर्शन झाल्यावर त्यांनी जलंब बघायचा हट्ट धरला. फलाटावर धोतर-टोपीतले एक आजोबा बसले होते. मी अडवायच्या आत सासूबाईंनी विचारलं, “अहो, लाटसाहेब आला तेव्हा हत्ती कुठे उभे होते हो?”

मी बॅगेत काहीतरी शोधायला लागले.

आजोबांनी क्षणाचाही विलंब न लावता हात लांब केला. “हत्ती ना? थे काय, तिकडं, पान्याच्या टाकीपाशी. चार होते. आमच्या आज्यानं केळं चारलं ना त्याईले.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “तू तर दोनच सांगितले होतेस!”