अर्ध्या ड्रमातलं तमालपत्र

मागचं दार उघडलं की सह्याद्री दिसतो अशा गावात झाड कुंडीत लावणं हा जरा चमत्कारिकच उद्योग. वेल्ह्याकडच्या पाहुण्याला मी गच्चीवरचं तमालपत्र कौतुकाने दाखवतो, तेव्हा तो आधी झाडाकडे बघतो, मग लांबच्या डोंगराकडे आणि शेवटी माझ्याकडे. ‘सर, जमीन संपली का?’ असं तो विचारत नाही, ही त्याची सभ्यता.

जमीन संपलेली नाही, माझी नाही एवढंच. भोरमध्ये भाड्याने राहणाऱ्याने झाड लावावं तर उचलून नेता येईल असं, या हिशोबाने ते कुंडीत आलं. पुढे कुंडीतून अर्ध्या ड्रमात गेलं, आणि आता ते चार माणसांनाही हलत नाही. घर बदलायचा विषय निघाला की घरमालकापेक्षा झाडाचीच अडचण मोठी होते.

खरं तर हे आपल्याकडचं झाडच नव्हे. ते हिमालयाच्या पायथ्याचं, मेघालयाकडचं. दालचिनीचं सख्खं भावंड. पान उन्हाकडे धरलं की देठापासून टोकाकडे निघालेल्या तीन शिरा स्पष्ट दिसतात. युरोपातल्या लॉरेलच्या पानाला मधली शीर एकच. तिकडे विजेत्यांच्या डोक्यावर लॉरेल चढलं. आपलं तमालपत्र मात्र भातात शिजतं आणि ताटाच्या कडेला काढून ठेवलं जातं. एके काळी त्याचाही रुबाब होता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत भारतीय बंदरांतून बाहेर जाणाऱ्या मालात ही पानं मिरीच्या पंक्तीला बसली आहेत. आज वाणी ती मूठभर पुडीत कोंबतो आणि आपण मोडकी निघाली म्हणून कुरकुरतो.

युरोपातले लोक लॉरेल वर्षानुवर्षं कुंडीत ठेवतात, कारण कडाक्याच्या थंडीत कुंडी आत घेता येते. आपल्याकडे थंडी बिचारी काही करत नाही, पाऊस करतो. जून ते सप्टेंबर इथे आभाळ फाटतं, आणि ड्रमात पाणी तुंबलं की मुळं कुजतात. म्हणून तळाला मोठी भोकं, त्यांवर खापराचे तुकडे, तांबड्या मातीत भरड वाळू आणि कुजलेलं शेणखत, आणि ड्रमाखाली दोन विटा. उन्हाळ्यात दुपारची सावली दिली की त्याच्या मागण्या संपल्या.

दर दोन-तीन वर्षांनी मात्र एक निर्दय काम करावं लागतं. मृगाच्या तोंडावर ड्रम आडवा करून झाड बाहेर ओढायचं. मुळं सुतळीच्या गुंड्यासारखी गोल गोल गुंडाळलेली असतात, मातीचा पत्ता नसतो. बाहेरचा थर करवतीने सरळ कापायचा, नवी माती भरायची, शेंडाही थोडा खाली आणायचा. शेजारच्या आजी दर वेळी कठड्याशी उभ्या राहून म्हणतात, ‘अहो सर, मुळं कापून कुठं झाड जगतं व्हय?’ मग ते जगतं, गुलाबी कोवळी पालवी फुटते, आणि आजी सहज आल्यासारख्या येऊन मसाल्यासाठी चार जून पानं घेऊन जातात.

इथल्या देवरायांत देवीच्या धाकाने कुणी फांदी तोडत नाही, आणि गच्चीवर मी करवत चालवतो. मला त्यात विसंगती वाटत नाही. देवराईतल्या झाडाने मोठं व्हायचं असतं, माझ्याकडच्याने ड्रमात मावायचं असतं.

गोड्या मसाल्यासाठी जून पानंच तोडावीत आणि सावलीत वाळवावीत. उन्हात टाकली तर रंगही जातो आणि वासही. कोवळी पानं ज्यांची आहेत त्यांना राहू द्यावीत. काळ्या पंखांवर निळसर हिरवा पट्टा असलेलं एक फुलपाखरू याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. अळ्या खाऊन खाऊन किती खाणार!

पुलावाची घाई असेल त्यांनी वाण्याकडची पुडीच आणावी, कारण रोपाची पानं भांड्यात पडायला काही वर्षं जातात. बाकीच्यांनी ड्रम मिळवावा, माती भरण्याआधी भोकं पाडावीत आणि यंदाचा मृग चुकवू नये.