अहो, वजन पुढे!

डोंबिवलीच्या एका जोडप्याने आजवर भारत पाहिला तो चाळीस-पन्नास जणांच्या घोळक्यातून. सकाळी सहाला चहा, सातला बॅगा दाराबाहेर, बसमध्ये अंताक्षरी आणि दल सरोवराच्या काठीही वरण-भात. यंदा लेक नोकरीनिमित्त बंगळुरूला गेली, सासूबाई धाकट्या दिरांकडे राहायला तयार झाल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांनीच कुठेतरी जायचा योग आला. बाई म्हणाल्या, महाबळेश्वर. गृहस्थ म्हणाले, गुलमर्ग. तेही नुसतं बर्फ बघायला नाही, स्कीइंग शिकायला.

गृहस्थांची हयात बँकेत कर्जप्रकरणं तपासण्यात गेलेली. त्यांनी गुलमर्गचंही प्रकरण तपासलं. २०२४च्या जानेवारीत बहुतेक दिवस तिथे बर्फच नव्हतं. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, म्हणजे काश्मिरी लोक ज्याला चिल्लई कलान म्हणतात तो ऐन थंडीचा काळ, जवळजवळ कोरडा गेला होता. म्हणून त्यांनी फेब्रुवारी धरली. गंडोलाची, म्हणजे केबल कारची, तिकिटं ऑनलाइन काढली. मग रोज रात्री जेवताना व्याख्यान: १९२७ साली ब्रिटिशांनी गुलमर्गला स्की क्लब काढला, नाताळात आणि ईस्टरला स्पर्धा भरवायचे. पुढे १९६८मध्ये हिवाळी खेळांसाठी जागा हेरायला सरकारने रुडॉल्फ मॅट नावाच्या ऑस्ट्रियन स्कीपटूला बोलावलं. त्याने गुलमर्ग पसंत केलं.

"त्याने गुलमर्ग पसंत केलं," बाई आमटी वाढत म्हणाल्या, "पण गुलमर्ग आपल्याला पसंत करेल का?"

फेब्रुवारीत टंगमर्गला गाडी थांबली. तिथून गुलमर्गपर्यंतचे तेरा किलोमीटर चढाचे, आणि बर्फ असलं की चाकांना साखळ्या बांधलेली गाडीच वर जाते. त्या थांब्यावर भाड्याच्या गमबुटांचा आणि कोटांचा धंदा जोरात चालतो. "कसं काय ताई, लाँग बूट?" असं एका पोराने चक्क मराठीत विचारलं आणि गृहस्थ विरघळले. आपल्या आधी हा कोट किती जणांनी घातला असेल याची चौकशी बाईंनी नाकाने केली, आणि स्वतःच्या दोन स्वेटरांवर भागवलं.

स्कीच्या दुकानात मात्र दोघांचीही परीक्षा होती. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगमध्ये स्प्रिंग असते. माणूस पडला की तिने बूट सोडायचा. ती सैल राहिली तर स्की वळणावळणाला निखळते, घट्ट झाली तर पाय मोडतो. म्हणून दुकानदार स्प्रिंग लावण्याआधी वय, उंची आणि वजन विचारतो. इतरांसमोर, मोठ्याने.

"बहात्तर," गृहस्थ पुटपुटले.

"अहो, परवाच्या रिपोर्टात ब्याऐंशी होतं. पाय मोडायचाय का?" मग बाईंनी स्वतःचा आकडा कागदावर लिहिला, घडी घातली आणि दुकानदाराच्या हातात दिली.

स्कीचे बूट टणक प्लॅस्टिकचे. घोटा वळत नाही, टाच आधी टेकवत चालावं लागतं, आणि खांद्यावर स्कीची जोडी असतेच. गुलमर्ग २,६५० मीटर उंचीवर आहे. दोनशे पावलांवरचा उतार गाठेपर्यंत गृहस्थ चार वेळा "देखावा बघायला" थांबले.

शिकवायला एक स्थानिक तरुण होता. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला स्कीइंग शिकवू नये. तिऱ्हाईताला पैसे द्यावेत, संसार टिकतो. तरुणाने सुरुवातीलाच आरिफ खानचं नाव घेतलं. आरिफ इथलाच, टंगमर्गकडचा. त्याच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा तो एकमेव खेळाडू, जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा. त्या तयारीसाठी त्याने स्वतःचं लग्नसुद्धा पुढे ढकललं होतं.

"मग झालं का नंतर?" बाईंनी काळजीने विचारलं. तरुण हसून म्हणाला, "मॅडम, पहले घुटने मोडो."

गुडघे वाकवा, नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबा, नजर समोर. थांबायचं असेल तर पिझ्झा: स्कीची टोकं जवळ, शेपट्या फाकवलेल्या. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते भीती वाटत असताना पुढे झुकणं. उताराकडे बघून माणूस आपसूक मागे रेलतो. मग टोकं हलकी होतात, वळणं हातचं जातं आणि वेग वाढतो. गृहस्थांनी याचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. सगळे आठवत असतानाच ते मागे रेलले, सुसाट सुटले आणि शेवटी बसून थांबले. उठायचं तर आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर अर्धवट उठलेला माणूस पुन्हा घसरू लागतो. तेही ते घसरूनच शिकले. एक पाय मांडीपर्यंत रुतला तो बाहेर काढायला तरुणाला दुसऱ्या प्रशिक्षकाला हाक मारावी लागली.

बाई? बाईंनी पंचवीस वर्षं गर्दीच्या वेळी डोंबिवलीहून लोकल पकडली आहे. मुंब्र्याच्या वळणावर एका हातात पर्स, दुसऱ्यात डबा आणि धरायला काही नाही, अशी उभं राहायची सवय. गुडघे वाकलेले, भार पुढच्या पावलावर. गृहस्थांची बँक घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. दुपारपर्यंत बाई संथपणे पिझ्झा करत उतार उतरत होत्या आणि वाटेत बसलेल्या नवऱ्याला ओलांडताना ओरडत होत्या, "अहो, वजन पुढे!"

संध्याकाळी गृहस्थ लाकडी स्लेजवर बसून हॉटेलात परतले. ओढणाऱ्याने वजन विचारलं नाही, पण भाव मात्र नीट निरखून सांगितला.

दुसऱ्या दिवशी गंडोला. फ्रान्सच्या पोमा कंपनीने बांधलेला. पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, १९९८मध्ये सुरू झालेला, आणि २००५चा दुसरा थेट अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर. तिकीट दोन्हींचं होतं. वर वारा सुटला म्हणून दुसरा टप्पा बंद. गृहस्थ खिन्न झाले, बाईंनी मॅगी मागवली.

शेजारच्या टेबलावर परदेशी स्कीवाले, पाठपिशव्यांना फावडी अडकवलेली. गृहस्थ लगेच खुलले. हिमस्खलनात माणूस गाडला गेला तर त्याच्या अंगावरच्या यंत्राच्या संदेशावरून त्याला शोधायचं आणि उकरून काढायचं, वेळ अगदी थोडा असतो, हे त्यांनी समजावून सांगितलं.

"म्हणजे फावडं स्वतःसाठी नसतं?"

"छे, जोडीदारासाठी! तू गाडली गेलीस तर मी उकरणार."

बाईंनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्ही? काल तुमचा स्वतःचा पाय काढायला दोन माणसं लागली," त्या म्हणाल्या, आणि त्या परदेशी माणसांना खुणेनेच विचारू लागल्या की यातलं हलकं फावडं कुठे मिळतं.