बंदोबस्तवाले तात्या

मंचर ते नारायणगाव पट्ट्यात वाडीगणिक एक तात्या असतात. त्यांचा जगावर विश्वास नसतो, भावकीवर तर नसतोच. आमच्या तात्यांच्या करगोट्याला चाव्यांचा जुडगा. पेटीला कुलूप, कोठीला कुलूप, फवारणीच्या पंपाला साखळी आणि साखळीला कुलूप. नदीवरची केबल एकदा चोरीला गेली, तेव्हापासून नवी केबल त्यांनी चर खणून पुरली आणि वरून काँक्रीट ओतलं. "आता कुठून गेलीय ते माझं मलाच आठवत नाही, चोराला काय सापडणार?"

अशा माणसानं मोबाईल स्टार्टर घेतला तो बिबट्यापायी. थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्रीची. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे खरं, पण ज्यांना तिथला निवारा नको ते उसात असतात. रात्री बाराला बॅटरी घेऊन विहिरीवर जाण्यापेक्षा गोधडीतून फोन केलेला बरा. खोक्यात एक सिमकार्ड आणि नखाएवढी चिप. लाईट आली की तेच फोन करून सांगतं, पासवर्ड दाबला की मोटर चालू.

तात्यांनी त्या खोक्याला लोखंडी पिंजरा केला, पिंजऱ्याला दोन कुलपं. आणि पिंजऱ्याच्या दारावर मार्करनं ठसठशीत लिहिलं : सिमचा नंबर, पासवर्ड १२३४, विसरू नये.

"तात्या, कंपनीचा पासवर्ड बदलायचा असतो," बसवणारा पोरगा म्हणाला.

"का? चोर काय फोन करून येणार आहे?"

चोर आला नाही, पुतण्या आला. विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. तात्यांच्या पाळीला मोटर रात्री दोनला गपकन बंद पडू लागली. तात्यांनी आधी वायरमनला शिव्या घातल्या, मग मोटर भरून आणली, मग पिंजऱ्याला लिंबू-मिरची बांधली. शेवटी आयटीआयच्या एका पोरानं खोक्याच्या सिमवर आलेले फोन तपासले. रात्री दोनचा फोन घरातलाच निघाला. चिपला मालक ओळखू येत नाही, तिला पासवर्ड ओळखू येतो. आणि नंबरांची यादी भरून बाकीच्यांना बंदी घालायची सोय खोक्यात होती, पण ती भरायला तात्यांनी नकार दिला होता. "माझे नंबर कंपनीला कशाला कळायला पाहिजेत?"

गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचीही तीच तऱ्हा. त्याचा कारखान्यातला पासवर्ड तसाच, आणि तो थेट इंटरनेटला जोडलेला. पोरानं तात्यांना २०१६ सालची गोष्ट सांगितली. मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरचे असले कॅमेरे नि रेकॉर्डर हुडकले, कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या एकेक लावून पाहिल्या आणि लाखो यंत्रं ताब्यात घेतली. ऑक्टोबरात त्यांच्याकरवी एकाच कंपनीवर मारा केला, तर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन् तास आडवे. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नाही, कॅमेरे आपले चालूच.

तात्या अभिमानानं ताठ झाले. "म्हंजे आपल्या गोठ्यातून अमेरिका बंद पाडता येती?"

सरकारांना मात्र यात अभिमान वाटला नाही. सगळ्या यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देऊन ती विकायला ब्रिटननं २०२४ साली कायद्यानं बंदी केली. आपल्याकडेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी सक्तीची झाली. पण कायदा नव्या मालाला. तात्यांचा कॅमेरा जुना, आणि चालू वस्तू बदलणं त्यांच्या रक्तात नाही.

पुतण्याशी महिनाभर अबोला धरून झाल्यावर तात्या पासवर्ड बदलायला राजी झाले. पोराला खोलीबाहेर काढलं, दाराला आतून कडी घातली, चार आकडे स्वतः दाबले. मार्करचं लिखाणही रॉकेलनं पुसलं. संध्याकाळी पारावर जाहीर केलं, "आता ब्रह्मदेव आला तरी मोटर बंद करता यायची नाही."

त्या रात्री दोनला मोटर बंद पडली.

तात्यांच्या बैलांनी यात्रेतल्या गाड्यांच्या शर्यतीत घाट मारला होता अकरा सेकंद शहाऐंशी मिलीत. ती बारी भोंग्यावरून तीनदा पुकारली गेली होती, टेम्पोच्या मागे रंगवली होती, आणि त्या बारीचं वर्णन ऐकल्याशिवाय तात्यांच्या घरी कोणाला चहा मिळत नव्हता. पुतण्यानं ११८६ पहिल्याच झटक्यात लावला.

तात्यांचं म्हणणं आता एवढंच, की पुढच्या यात्रेला बैल आणखी जोरात पळवायला हवेत.