नॉलेज ट्रान्सफरमध्ये राहून गेलेले

प्रति,
मनुष्यबळ विभागप्रमुख मॅडम यांस,



कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आपण ओळखालच. आणि शहरातल्या आणखी बऱ्याच विभागप्रमुखांना हे पत्र आपल्यालाच आहे असे वाटले, तर त्यांचाही तो गैरसमज मी दूर करणार नाही.

आधी आपले अभिनंदन. लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, पार्किंगचा स्टिकर आणि ड्रॉवरची किल्ली आपल्या विभागाने माझ्याकडून ज्या चिकाटीने वसूल केली, तिला तोड नाही. मला दिलेला माउस वायरचा होता की बिनवायरचा, यावर दोन विभागांत रीतसर पत्रव्यवहार झाला. नो ड्यूजच्या फॉर्मवर आयटी, अ‍ॅडमिन, फायनान्स आणि लायब्ररी यांच्या सह्या लागल्या. आपल्या कंपनीत लायब्ररी नाही. तरीही रकाना होता आणि तिथे कुणीतरी सहीसुद्धा केली. अशा काटेकोर फॉर्मवर एकाच गोष्टीला जागा मिळाली नव्हती. शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता माझा, माझ्या पत्नीचा आणि माझ्या आईचा आरोग्य विमा संपणार होता, ही ती गोष्ट.

मला ते विमा दाव्यांचे काम पाहणाऱ्या टीपीएच्या अ‍ॅपने सांगितले. आईच्या हृदयाच्या तपासणीआधी कार्ड डाउनलोड करायला गेलो, तर तिथे ‘सक्रिय सभासद आढळला नाही’ असे लिहिलेले. अ‍ॅपला भावना नसतात, त्यामुळे त्याच्यावर राग धरला नाही. आपल्याला भावना आहेत, हे आपल्या निरोपाच्या ईमेलवरून माहीत होते. त्यात ‘कुटुंब’ हा शब्द होता, शिवाय हात जोडलेली इमोजी.

मॅडम, मी राजीनामा दिला तेव्हा आपण मला तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडचे कलम दाखवलेत. कमी करता येईल का, असे विचारले तर म्हणालात की नॉलेज ट्रान्सफर पूर्ण व्हायला हवे. मी ते केले. अकरा वर्षांत जे काही शिकलो, ते एक्सेलच्या फायलींत उतरवून दोन तरुण मुलांच्या हवाली केले. कुठल्या क्लायंटला सोमवारी सकाळी फोन करायचा नाही, हेसुद्धा लिहून दिले. त्याच तीन महिन्यांत आपल्याकडचे एक ज्ञान माझ्याकडे ट्रान्सफर व्हायला हवे होते. ते अर्ध्या पानाचे होते.

ते असे. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या सभासदाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाता येते. याला मायग्रेशन म्हणतात आणि विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांत त्याची सोय आहे. विमा कंपनी तब्येत तपासते, जादा हप्ता मागते, कधी तोंडही वाकडे करते. तो सोहळा चुकत नाही. पण ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षे जुन्या विमा रकमेपुरती नव्या पॉलिसीच्या वेटिंग पिरियडमधून वजा होतात. माझ्याकडे अशी अकरा वर्षे होती. आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबवता येते. म्हणजे आम्हाला एक दिवसही थांबावे लागले नसते. पण त्यासाठी हालचाल कव्हर तुटायच्या आत करावी लागते. आपल्या कंपनीच्या घड्याळात ती वेळ नोटीस पिरियडचीच होती. मी ती सोमवारच्या फोनांची यादी करण्यात घालवली.

आपण म्हणाल, ‘वैयक्तिक पॉलिसी वेगळी काढून ठेवायला कुणी अडवले होते?’ कुणीच नाही. फक्त रुजू झालो त्या दिवशीच्या आपल्या स्लाइडवर ‘आपण कामाकडे पाहा, कुटुंबाची काळजी आमच्यावर सोपवा’ असे होते, आणि पुढे दरवर्षी मेडिक्लेमची ओळ माझ्या सीटीसीत मोजली जात होती. पगाराचा भाग म्हणून जे मोजले, ते जाताना उपकार म्हणून काढून घेता येते, हे त्या स्लाइडवर नव्हते.

मग मी खुल्या बाजारात गेलो. वय बावन्न, शुगर गेली काही वर्षे, रक्तदाबाची गोळी सकाळी एक. पत्नीला थायरॉइड. आई अडुसष्ट वर्षांची, तिच्या हृदयात स्टेंट. ग्रुप पॉलिसीत आईचा स्टेंट कुणी विचारलाही नव्हता. पहिल्या दिवसापासून सगळे कव्हर होते. ग्रुपची खरी मौज तीच, आणि म्हणूनच ती गेल्यावर माणूस उघडा पडतो.

बाजाराचे नियम थोडक्यात सांगतो. आपल्यालाही कधीतरी राजीनामा द्यावा लागेल, तेव्हा कामी येतील. नवीन पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही होऊ द्यायचे नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघा बदलणे या मंडळींनी साधारण दोन वर्षे धीर धरायचा. आणि शुगर, रक्तदाब, स्टेंट अशा जुन्या पाहुण्यांनी तीन वर्षांपर्यंत गप्प बसायचे. ही मर्यादा पूर्वी चार वर्षांची होती. एप्रिल २०२४ पासून तीन झाली. ६५ वर्षांपुढच्यांना नवी पॉलिसी नाकारण्याची जुनी सवयही त्याच वर्षी नियामकाने मोडली. आता वय झाले म्हणून कुणी नाही म्हणत नाही. आधी ईसीजी काढतात, तीन महिन्यांची सरासरी शुगर काढतात आणि मग नाही म्हणतात.

आईच्या बाबतीत तसेच झाले. एका कंपनीने तिला सरळ नकार दिला. दुसरीने असा हप्ता सांगितला की आई म्हणाली, एवढ्या पैशात मी नवा स्टेंट घालून घेईन.

एजंट मात्र भला माणूस. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, हे त्याने मला अशा थाटात सांगितले, जणू त्यानेच तो माफ केला होता. मग प्रपोजल फॉर्म उघडून त्याने आवाज खाली आणला. ‘सर, शुगर लिहायची का?’ मी म्हटले, आहे तर लिहायलाच हवी. तो म्हणाला, ‘बघा, पाच वर्षे काढलीत की पुढे कुणी विचारत नाही.’ तो पूर्ण खोटे बोलत नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे. पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून विमा कंपनीला दावा फेटाळता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. ही मुदत आधी ९६ महिन्यांची होती. पण पहिल्या ६० महिन्यांत काही झाले तर? रुग्णालयाच्या कागदावर ‘मधुमेह, गेली सात वर्षे’ असे डॉक्टर सरळ मनाने लिहून जातात आणि तेवढ्या एका ओळीवर दावा कोसळतो. एका प्रामाणिक माणसाला असल्या वाटाघाटीला बसवणे हे आपल्या गप्प बसण्याचे सर्वांत मोठे कर्तृत्व आहे, मॅडम. पैशाचे नुकसान त्यानंतर येते.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर तोही संपवू. आईचा प्रीमियम कंपनी भरत नव्हती. तो माझ्या पगारातून हप्त्या-हप्त्याने कापला जात होता. मी वर्षाच्या मधेच निघालो, तेव्हा उरलेले हप्ते फुल अँड फायनलमधून एकरकमी कापून घेतलेत. नियमच तसा असेल, माझी तक्रार नाही. फक्त एक गंमत सांगतो. सभासद गेला की कंपनी विमा कंपनीला त्याचे नाव वगळायला कळवते, आणि दावा झालेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम बहुधा कंपनीच्या सीडी, म्हणजे कॅश डिपॉझिट, खात्यात परत येतो. आईने या वर्षी एकही दावा केलेला नव्हता. तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या बाईने न वापरलेल्या महिन्यांचे पैसे दोन्ही बाजूंनी आपल्याकडेच गेले असतील, तर त्याचे काय केलेत, एवढेच कुतूहल आहे. पुढच्या ‘वेलनेस वीक’मध्ये केळी वाटणार असाल, तर तिच्या वाटणीचे एक पाठवून द्यावे.

तुलनेसाठी आपल्याच गेटवरचा सुरक्षारक्षक घ्या. तो माझ्याइतका शिकलेला नाही आणि त्याचा पगार महिना २१,००० च्या आत आहे, म्हणून तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात. त्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर त्याला लाभ मिळतो तो पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. म्हणजे सप्टेंबरअखेर त्याची नोकरी गेली आणि हजेरीचे दिवस भरलेले असले, तरी त्याच्या विम्याचे पुस्तक त्याच रात्री मिटत नाही. पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपयांत त्याला आणि त्याच्या बायकोला औषधपाणी मिळत राहते. दवाखान्यातल्या रांगा मला माहीत आहेत, त्या लपवत नाही. पण १९४८ साली तो कायदा लिहिणाऱ्यांना एवढे कळत होते की माणूस नोकरी सोडल्यावरही आजारी पडतो. आपल्या पॉलिसीचे दालन वातानुकूलित खरे, पण बाहेर पाऊल टाकताक्षणी दार बंद. माझा पीएफ यूएएन क्रमांक घेऊन माझ्याबरोबर निघतो, ग्रॅच्युइटी हिशेबाने हातात पडते. विमा तेवढा टेबलावर ठेवून यायचा, माउसच्या शेजारी.

आणि अमेरिकेचे उदाहरण आपल्याला फार आवडते, म्हणून तेही देतो. माझा भाचा न्यू जर्सीत आहे. कपातीत त्याची नोकरी गेली. आजारपणाने माणसाचे दिवाळे काढणारा देश म्हणून त्या देशाची ख्याती आहे. पण तिथे कोब्रा नावाचा कायदा आहे, १९८० च्या दशकातला. २० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला नोकरी गेलेल्या माणसाला सहसा १८ महिने जुन्याच गटात राहू द्यावे लागते. पूर्ण प्रीमियम त्याने भरायचा, वर दोन टक्के खर्चाचे. भाच्याने आकडा पाहिला आणि तो खुर्चीत बसला. तरी त्याच्या हातात रीतसर पत्र होते आणि विचार करायला ६० दिवस होते. न परवडणारी गोष्टसुद्धा लेखी कळवायची असते, हे तिथल्या कंपन्यांना कायद्याने शिकवले आहे. इथे आयआरडीएआय विमा कंपन्यांचा कान धरू शकते. आपला कान तिच्या हद्दीत येत नाही.

आमचे सध्या असे चालले आहे. माझी आणि पत्नीची पॉलिसी झाली, माझ्या शुगरवर लोडिंगसकट, म्हणजे जादा हप्त्यासकट. तीन वर्षे माझ्या शुगरने नम्रपणे वागायचे आहे. आईसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता पांढऱ्या रेशन कार्डालाही कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि हे मोठे काम झाले आहे, यात उपरोध नाही. अडचण एवढीच की ते ठरलेल्या उपचारांपुरते आणि योजनेतल्या रुग्णालयांपुरते, आणि तिचे डॉक्टर बसतात ते रुग्णालय त्या यादीत नाही. वयाची सत्तरी गाठली की केंद्राचे आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अट न घालता ५ लाखांचे. म्हणून आईला दोन वर्षे अजिबात आजारी न पडण्याची सूचना दिली आहे. ती म्हणाली, ‘तुझ्या ऑफिसातून लेखी आणून दे, मग बघू.’

तेव्हा माझी मागणी क्षुल्लक आहे. नो ड्यूजच्या फॉर्मवरचा लायब्ररीचा रकाना खोडा. त्या जागी लिहा: ‘विमा अमुक तारखेला संपेल. मायग्रेशन हवे असल्यास विमा कंपनीच्या अमुक व्यक्तीला त्याआधी भेटा. सभासदत्वाचा दाखला सोबत जोडला आहे.’ आणि हा फॉर्म शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता देण्याऐवजी राजीनामा स्वीकाराल त्याच दिवशी द्या. खर्च शून्य. सही लायब्ररीच्याच माणसाची घेतलीत तरी चालेल, तो मोकळाच असतो.

कळावे, लोभ असावा,

आपला,
वगळलेला सभासद

ता. क. : आपल्या विमा दलालाने माझे नाव पॉलिसीतून काढले, पण ईमेलच्या यादीतून काढायचे राहिले दिसते. गुरुवारी दुपारी तीनच्या वेबिनारचे निमंत्रण आले आहे, विषय ‘मधुमेहासह आनंदी जीवन’. मी येणार आहे. प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवावा.