वाऱ्याच्या कचेरीत

वऱ्हाडातील माणूस वाऱ्याला पावसाचा हरकारा म्हणूनच काय तो ओळखतो. मृगाच्या तोंडावर तो पश्चिमेकडून वर्दी घेऊन आला की सरकी टोबायची आणि न आला की आभाळाकडे पाहत बसायचे, यापलीकडे त्याच्याशी समक्ष व्यवहार करण्याचा प्रसंग दिग्रसच्या सामान्य रयतेवर सहसा येत नाही. मीही तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविली आणि अरुणावतीच्या धरणाच्या भिंतीहून अधिक उंचीची अभिलाषा कधी धरली नाही. परंतु पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या पुतण्याने, मी सेवानिवृत्त होताच, “काका, जन्मभर जमिनीचीच कामं केलीत, आता जरा वरची बघा,” असे म्हणून मावळातील कामशेत येथे चालणाऱ्या पॅराग्लायडिंगच्या प्राथमिक वर्गाचे शुल्क परस्पर भरून टाकले. आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही हा नियम ज्याने इतरांना आयुष्यभर ऐकविला, त्याला तो स्वतःच्या बाबतीत मोडण्याचे धैर्य होईना.

“पडाचंच असन तं आपल्या घरचं धाबं काय वाईट हाय?” एवढीच हरकत आमच्या कुटुंबाने नोंदविली, आणि हरकत फेटाळली जाणार हे ओळखून दशम्यांची पुरचुंडीही बांधून दिली.

दिग्रसला आगगाडी नाही. सबब दारव्हा-कारंज्यावरून एस.टी.ने अकोला, तेथून महाराष्ट्र एक्सप्रेसने पुणे आणि पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने कामशेत, असा मजल-दरमजल प्रवास करून मी पोचलो. त्या प्रवासात लिहिण्यासारखे काही घडले नाही. शेजारच्या गृहस्थांनी दशम्या संपविल्या, इतकेच.

कामशेत हे इंद्रायणीकाठचे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. बेडश्याची लेणी पाहणारे येथेच उतरतात. मात्र ऑक्टोबर ते मे या मुदतीत उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या पाठीवर आपल्याहून मोठे बोचके असते, आणि ते बोचके म्हणजेच विमान. त्यात पाच-सहा किलो वजनाचा, पंचवीसेक चौरस मीटर पसरणारा नायलॉनचा पंख, दोऱ्यांचे जंजाळ आणि बसण्याचा हार्नेस एवढाच ऐवज. इंजिन नाही, चाके नाहीत, आणि पंखात हवा शिरेपर्यंत त्याला आकारदेखील नाही. या खेळाचा उगमही असाच काटकसरीचा आहे: 1978 साली फ्रान्समधील मिउसी गावच्या काही छत्रीधारी तरुणांनी, विमानातून उडी मारायची तर विमानाचे भाडे पडते, म्हणून डोंगरावरूनच धावत सुटण्याचे ठरविले. भाडे वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या या मंडळींविषयी मला तत्क्षणी आपुलकी वाटली.

मैदानावर पंख उभा करण्याचे शिक्षण पार पडले होते. त्यात पंखाने मला बरेच काही शिकविले आणि एका बाभळीनेही. आता टेकडीवरून उतरण्याचा दिवस उजाडला, आणि मला त्या विद्येचे खरे स्वरूप उमगू लागले: उडणे हा तिचा किरकोळ भाग असून मुख्य भाग वाऱ्याच्या दरबारी तिष्ठत बसण्याचा आहे.

पहाटे आम्ही उमेदवार माथ्यावर रुजू झालो तेव्हा काठीला बांधलेली कापडी नळी (इंग्रजीप्रमाणे तिला सर्वजण विंडसॉक म्हणत) आमच्या पाठीमागून फुगली होती. पंखाला समोरचा वारा लागतो; पाठीमागचा वारा म्हणजे उताराकडे ढकलणारा हितशत्रू. आमच्या गुरू, वयाने माझ्या मुलीएवढ्या, नळीकडे पाहून म्हणाल्या, “काका, बसा.” मी बसलो.

नऊच्या सुमारास वारा फिरला, समोर आला, आणि मी हार्नेसचे बंद आवळतो न आवळतो तोच पुन्हा पडला. दहानंतर ऊन तापले, तशी जमिनीवरची उष्ण हवा गोळ्यागोळ्यांनी वर सुटू लागली. तिच्यावर आरूढ होऊन दोन घारी पंख न हलविता चकरा घेत ढगापर्यंत गेल्या आणि त्यांच्या मागोमाग वर्गातील जुनी मंडळीही गेली. परंतु नवशिक्यास मानवतो तो ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा एकसुरी वारा, आणि त्या वेळी तर झोतांची मनमानी चालली होती. आमच्या ग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी पस्तीसेक किलोमीटर. वारा त्याहून जोरात सुटला तर उमेदवार पुढे तोंड करून मागे जातो. सरकारी नोकरीत ही बाब नवीन नसली तरी टेकडीवर ती गैरसोयीची ठरते. सबब हुकूम झाला, “काका, बसा.”

दुपारी लोहगड-विसापूरच्या बाजूने ढगांची काळी फळी उभी राहिली आणि सर्वच कामकाज तहकूब झाले. माझ्या सोबतचे मुंबईचे तरुण या दिरंगाईने हैराण होऊन घड्याळे पाहू लागले. मला मात्र एक प्रकारची घरच्यासारखी स्वस्थता लाभली. साहेब दौऱ्यावर आहेत, मामला विचाराधीन आहे, उद्या या, ही वाक्ये मी ज्या शांतपणे उच्चारीत असे तीच शांतता त्या लोंबत्या नळीच्या मुद्रेवर होती. फरक एवढाच की येथे चहापाण्याने काम होण्यासारखे नव्हते. एका तरुणाने वशिल्याची शक्यता अजमावून पाहिली आणि गुरूंनी त्यास पंखाच्या दोऱ्या सोडवीत बसविले.

ढग न बरसता पांगले. दिवसभर तापलेल्या देशावरची हवा वर गेली म्हणजे तिची जागा भरण्यास अरबी समुद्रावरची हवा सह्याद्री ओलांडून येते, असे पाठात सांगितले होते. साडेचारच्या पुढे ती खरोखरच आली, थंड, सलग आणि समोरून. नळी आडवी झाली. “काका, उठा!”

मी पंखाच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे (रायझर) धरले, धावलो. पंख मागे खेचू लागला, मग डोक्यावर आला, आणि वॉकीटॉकीतून “पळा, पळा, थांबू नका!” असा घोष चालू असताना पायांखालची टेकडी संपली. पाय मात्र आज्ञाधारकपणे बराच वेळ पळत राहिले. एक मीटर उतरताना सात-आठ मीटर पुढे जाणारे ते वाहन इतके धिमे होते की खाली पाहण्यास सवड मिळाली: भाताच्या कापलेल्या खाचरांचे बांध, एक ओढा, ओढ्याच्या वळणावर करंजाखाली डुंबणारे काहीतरी काळे, आणि जिकडेतिकडे हद्दी. गटनंबर वाचता आले नाहीत, एवढीच उणीव. “आता दोन्ही ब्रेक पूर्ण ओढा!” ओढले, आणि पाय टेकण्याआधी आसन टेकून मी एका खाचरात दाखल झालो.

पंख गोळा करीत असता बांधावरून एक शेतकरी लगबगीने आला. तो विचारपूस करील म्हणून मी मुद्रा विनम्र केली.

“पाव्हणं, वरनं आमची म्हस दिसली का?”

मी सवयीने रंग, शिंगे आणि कोणत्या वेळेपासून बेपत्ता हे विचारून घेतले, आणि ओढ्याच्या वळणावर, करंजाखाली, असे ठिकाण सांगितले. तो तसाच वळला. चार पावलांवर थांबून म्हणाला, “उद्या बी उडणार हाय का? न्हाई, ती रोजच जाती.”