चौथं बक्षीस

झाडीपट्टीत धान घरात आलं की पत्रकं निघू लागतात. कुठे भव्य कबड्डी सामने, कुठे बैलांचा इनामी शंकरपट, आणि रात्री वडशाच्या एखाद्या मंडळाचं नाटक. ही पत्रकं मी खालून वर वाचतो. पहिलं बक्षीस कोणीही दणदणीत ठेवतं. चौथं ठेवलंय का आणि कोणाच्या नावाने, हे पाहिलं की गावाचं राजकारण कळतं.

भाचा वरून खाली वाचणाऱ्यांतला. तो मोबाईलवर पोकर खेळायचा आणि मला बक्षिसांचं शास्त्र शिकवायचा. साध्या स्पर्धेत शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच काही मिळतं. त्यातल्या शेवटच्यांना प्रवेश फीच्या दीडपट-दुप्पट. मलई वरच्या दोघा-तिघांना. नऊ जणांच्या एका टेबलावर ५०-३०-२० टक्के अशी सुटसुटीत वाटणी. बाउंटीत ज्याला बाहेर काढाल त्याच्या डोक्याचे पैसे तिथल्या तिथे. हे मला लगेच पटलं. आमच्याकडेही कोणी एका चढाईत तिघांना मारून आला की भोंगा ओरडतोच, ‘अमुक भाऊंकडून एक्कावन्न रुपये!’

सॅटेलाइटचं मात्र नवल वाटलं. तिथे रोकड नाही, मोठ्या स्पर्धेचं तिकीट. आणि दहा तिकिटं असतील तर पहिल्याला आणि दहाव्याला सारखंच. त्यामुळे अकरा जण उरले की ज्याच्यापुढे चिपांचा ढीग आहे तो हातात दोन एक्के आले तरी खुशाल फेकून देतो. जिंकून जास्त काही मिळणारच नाही, तर जोखीम कशाला? अशाच ऑनलाइन तिकिटावर मनीमेकर आडनावाचा एक अमेरिकन हिशेबनीस २००३ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्या आडनावाच्या माणसाने दुसरं करावं तरी काय!

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि भाच्याचं टेबल उठलं. मी त्याला धीर दिला. बंदी आम्ही पाहिलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थांबवलेल्या बैलांच्या शर्यतींना २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळालीच की. पण बैल आणि मोबाईल यांना एकच न्याय लागेल असं काही मी म्हणालो नाही.

रिकामा झालेला भाचा कबड्डीच्या आयोजन मंडळात शिरला. पहिल्याच बैठकीत त्याने ५०-३०-२० मांडलं. मंडळाने ते शांतपणे ऐकलं आणि मग त्याला आमचं गणित सांगितलं. पोकरमध्ये खेळणाऱ्यांच्याच खिशातले पैसे, आयोजकाचा वाटा कापून, खेळणाऱ्यांत फिरतात. इथे प्रवेश फीत चुना आणि मंडपसुद्धा निघत नाही. बक्षीस देणारे वेगळेच असतात. पहिलं माजी सरपंचांचं, दुसरं राईस मिलवाल्यांचं, तिसरं कृषी केंद्राचं. दुसरं पहिल्याच्या किती टक्के असावं हे मिलवाल्यांना कोण सांगणार? ते माजी सरपंचांपेक्षा फक्त एक हजार रुपयांनी मागे राहायला तयार होते, आणि तेही वयाचा मान म्हणून.

चौथ्याला कोणी मिळेना. आजी सरपंच तयार होते, पण माजींच्या खाली तीन ओळी सोडून नाव छापून घ्यायला नव्हे. शेवटी भाच्यानेच तोड काढली: ‘उत्कृष्ट पकड’ असं स्वतंत्र बक्षीस, पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात, चौकटीत, फोटोसह. आता माजी सरपंचांचा निरोप आलाय, चौकट आपल्यालाही हवी.