रिकाम्या सिलिंडरची थोरवी

बीडच्या बार्शी नाक्यावरून किंवा जालना रोडवरून सकाळी कामाला निघणाऱ्या फ्रिज-एसीच्या मेकॅनिकांत एखादा असा असतोच, ज्याला धंद्यातले लोक येडा म्हणतात. हा लेख त्याच्या येडेपणाच्या स्तुतीसाठी आहे, आणि ती स्तुती मला हातचं काही न राखता करायची आहे.

शहाण्या मेकॅनिकचं सामान आटोपशीर असतं. एक गेज, सांधे जोडायचा एक टॉर्च आणि गॅसचा एक सिलिंडर, बहुधा बावीस नंबरचा, म्हणजे आर-२२चा. पाटोद्यातल्या लॉजचा एसी असो की गेवराईतल्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर, सगळ्यांवर उतारा तोच. येड्याच्या जुन्या व्हॅनमध्ये मात्र अख्खा संसार असतो. बावीस, बत्तीस, एकशेचौतीस, सहाशेचे डबे, दूध केंद्राचं काम असलं तर चारशेचार. शिवाय ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, व्हॅक्युम पंप, नायट्रोजन. आणि कळस म्हणजे एक रिकामा सिलिंडर. मांजरसुंब्याचा घाट चढताना आत काहीही नसलेलं लोखंड डिझेल जाळून वर न्यायचं, याला बाजाराकडे दुसरा शब्द नाही.

त्याच्या येडेपणाची सुरुवात वाचण्यापासून होते. प्रत्येक मशीनच्या पाठीवर एक पाटी असते. तिच्यावर गॅसचा नंबर आणि वजन छापलेलं असतं. येडा आधी मशीन भिंतीपासून ओढतो, फडक्याने धूळ पुसतो आणि मोबाइलच्या उजेडात ती पाटी वाचतो. मालक कंटाळून म्हणतो, "दादा, ठंडं झालं म्हंजे झालं. नंबर कशाला बघायलाव?" मालकाचं चूक नाही. ठंडं खरंच होतं. जुळता-न जुळता कसलाही गॅस घातला तरी दोन दिवस, कधी दोन महिने काहीतरी गार लागतंच. त्यानंतर कॉम्प्रेसर बसतो, आणि तोवर शहाणा पैसे घेऊन दुसऱ्या तालुक्यात पोचलेला असतो.

आजच्या घरगुती फ्रिजमध्ये सहसा सहाशे, म्हणजे आर-६००ए असतो, रसायनशास्त्रात आयसोब्युटेन. तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणून फ्रीझरच्या नळ्यांत त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी राहतो. त्याची वाफ विरळ, त्यामुळे त्याचा कॉम्प्रेसर दर फेऱ्याला एकशेचौतीसच्या कॉम्प्रेसरपेक्षा जवळपास दुप्पट वाफ ओढण्याच्या मापाने बनवलेला असतो. त्याच कॉम्प्रेसरच्या तोंडी एकशेचौतीस दिला की मोटर धापा टाकते, तापते, ट्रिप होते आणि एका दुपारी तिचं वाइंडिंग जळतं. सहाशेच्या फ्रिजमध्ये गॅस लागतो तो ४० ते ६० ग्रॅम. तिथे हाताने पाइप चाचपून, दव किती धरलं ते बघून अंदाजाने भरणाऱ्याला पाच-दहा ग्रॅमची चूक कळतसुद्धा नाही. पण एवढ्या थोड्या मापात ती चूक मोठी असते. म्हणूनच वजनकाटा बाळगणारा मेकॅनिक मला फार मोठा वाटतो. त्याने स्वतःच्या हाताच्या सवयीवर विश्वास ठेवायचं नाकारलेलं असतं.

एसीचंही तेच. ५० अंशांना बावीसचा दाब साधारण १९ बार असतो, बत्तीसचा आणि चारशेदहाचा ३१ बारच्या घरात. बीडच्या मे महिन्यात गच्चीवरच्या आउटडोअर युनिटात गॅस ५० अंशांच्या वरच द्रव होत असतो. बावीससाठी बांधलेल्या जुन्या युनिटात बत्तीस घालणं म्हणजे त्या नळ्यांना त्यांच्या हिशेबाबाहेरचा दाब देणं, आणि वर तो गॅस थोडाफार पेट घेणारा. येडा अशा वेळी काम नाकारतो. नाकारलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, हे त्याला माहीत असतं.

घरगुती गॅसच्या टाकीतून फ्रिज भरण्याची युक्ती करणारेही आहेत, आणि ती स्वस्त पडते यात वाद नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रमाण बदलतं, वासासाठी गंधकयुक्त रसायन घातलेलं असतं, ओलावाही असू शकतो. एकशेचौतीसच्या फ्रिजचा थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटन ठिणगी टाळण्याच्या हिशेबाने बनवलेलं नसतं. हवेत असा गॅस दोन टक्क्यांच्या आसपास झाला की पेटायला पुरतो. एका घनमीटर हवेला साधारण ४० ग्रॅम लागतात. बंद फ्रिजच्या आतल्या जागेला दहा ग्रॅम. रात्री गळती होते, सकाळी घरातली बाई दूध काढायला दार उघडते. सहाशेचे फ्रिज हे ध्यानात ठेवून बांधलेले असतात; जुगाडाचा फ्रिज नाही. या एका बाबतीत मला मेकॅनिकांचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

स्वस्त बनावट गॅसचं टोक जगाने २०११ साली पाहिलं. व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या काही शीत कंटेनरांत एकशेचौतीसच्या नावाखाली मिथाइल क्लोराइडची भेसळ असलेला गॅस भरला गेला होता. त्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवा लागताच पेट घेणारं रसायन तयार झालं, आणि स्फोटांत तीन कामगार मेले. सिलिंडरच्या रंगावर जाऊन उपयोग नाही. अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने तर प्रत्येक गॅसचा वेगळा रंग सोडून सगळ्यांना एकच राखाडी-हिरवा रंग सुचवला, म्हणजे माणूस लेबल वाचेल. येडा सीलबंद माल पक्क्या बिलाने घेतो आणि जास्त पैसे मोजतो.

त्याचा पुढचा येडेपणा धंद्याच्या मुळावर येणारा आहे: तो लीक शोधतो. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो, वीस वर्षंही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळला. तरी "दर उन्हाळ्याला गॅस भरावाच लागतो" ही समजूत गावोगाव पक्की बसली आहे, कारण तिच्यावर पुष्कळांची रोजी चालते. येडा नायट्रोजनचा दाब देतो, सांध्यांना साबणाचा फेस लावतो, बुडबुडा दिसेपर्यंत बघत राहतो. मग सांधा ब्रेझ करतो, पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढतो आणि मगच गॅस तोलून भरतो. अर्ध्या तासाचं काम दुपार खातं. मार्च लागला की केज, धारूर, माजलगाव सगळीकडून एकदम फोन येतात. त्या दिवसांत एका घरी दुपार घालवणं म्हणजे चार गिऱ्हाइकं सोडणं. वर हे घर पुढच्या वर्षी त्याला बोलावणारही नाही, कारण मशीन चालू असेल.

आता तो रिकामा सिलिंडर. कॉम्प्रेसर बदलायचा तर आतला गॅस आधी काढावा लागतो. शहाणा नट सैल करतो, फुस्स आवाज होतो, गॅस आभाळात जातो. येडा रिकव्हरी मशीन जोडतो आणि तो गॅस त्या रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतो. एक किलो बावीस हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, शिवाय ओझोनही खातो. चारशेचारचा आकडा ३,९००च्या पुढे. आष्टीकडच्या एखाद्या दूध केंद्राच्या कूलरमधून पाच किलो चारशेचार सोडून दिला तर वीस टनांच्या जवळ हिशेब जातो, तोही दोन मिनिटांत. दुष्काळ ज्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेला आहे, तिथल्या माणसाने आभाळाची कदर करावी, यात मला विचित्र काही वाटत नाही.

या जिल्ह्याला असल्या वेळखाऊ, पसाऱ्याच्या कामाचं वावडंही नाही. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरण हा ग्रंथ लिहायला ४० फूट लांबीची कापडी पासोडी घेतली होती आणि गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव रचला. आटोपशीर कामाची सवय असलेल्यांनी तेव्हाही नाकं मुरडली असतील.

शिवाय या रिकाम्या सिलिंडरमागे व्यवहार आहे. १९८७च्या माँट्रिअल करारात भारत १९९२ साली सामील झाला. जुना बारा नंबर २०१०पर्यंत गेला. १ जानेवारी २०२५पासून बावीसवर चालणारी नवी मशीनं बनवायला बंदी आहे, २०३०नंतर दुरुस्तीपुरता जेमतेम वाटा २०४०पर्यंत उरेल. म्हणजे बीडमध्ये गच्चीगच्चीवर बसलेल्या जुन्या एसींना लागणारा बावीस महाग होत जाणार. त्याच मशीनमधून काढलेला स्वच्छ गॅस दुरुस्तीनंतर तोलून परत भरणं यापेक्षा स्वस्त काही नाही. एकशेचौतीस, चारशेचार, चारशेदहा, बत्तीस यांचीही पाळी येते आहे: भारताने २०२१ साली किगाली दुरुस्ती मान्य केली, २०२८ला या गॅसांचा वापर गोठेल, २०३२पासून कपात सुरू होईल आणि २०४७पर्यंत ती ८५ टक्क्यांवर जाईल. २०१९च्या भारत शीतन कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. प्रशिक्षण हवंच, पण शिकून आलेल्या पोराला गिऱ्हाईक जुन्याच दराने घासाघीस करणार असेल तर तो वर्षभरात एका सिलिंडरवर येतो.

मग गाडीत काय घालावं? बावीस आणि बत्तीस रोज. एकशेचौतीस आणि सहाशे रोज. शीतपेयांच्या नव्या फ्रीझरांसाठी दोनशेनव्वद, म्हणजे प्रोपेन, थोडा, आणि तो नेणाऱ्याने टॉर्च पेटवण्याआधी दारं-खिडक्या उघडण्याची सवय लावून घ्यावी; तिथे नळी टॉर्चने सोडवू नये, पाइप कटरने कापावी. चारशेचार फक्त आष्टी-कड्याकडे दुधाच्या कामाला निघताना. तो मिश्रण आहे, सिलिंडर उलटा धरून द्रवरूपातच भरायचा. चारशेदहा दुकानात राहू द्यावा, पाटीवर दिसला की आणावा. "सगळ्याला चालतो" असं सांगून विकला जाणारा कुठलाही गॅस गाडीत नको. अमोनियाला हात लावू नये. शीतकरण प्रकल्पांत त्याची स्वतंत्र माणसं असतात. काढलेल्या गॅसचा सिलिंडर ८० टक्क्यांवर भरू नये आणि उन्हात उभ्या व्हॅनमध्ये ठेवून जेवायला बसू नये. ओलं गोणपाट टाकून सावलीत घ्यावा.

गिऱ्हाइकानेही थोडा येडेपणा शिकायला हरकत नाही. दूध केंद्र असो की लॉज, बिलावर तीन गोष्टी मागाव्यात: गॅसचा नंबर, भरलेलं वजन ग्रॅममध्ये, आणि काढून घेतलेल्या गॅसचं वजन. येडा त्या लगेच लिहून देतो आणि मजुरी जास्त सांगतो. ती द्यावी.